पटावरील सूत्रधार

बुलढाणा जिल्ह्यांतील सिंदखेडराजा हें नांव जिजाबाईंच्या जन्मामुळें महाराष्ट्रांत घरोघर माहीत आहे. परंतु त्याच तालुक्यांतील साखरखेर्ड्याचें नांव काढलें, तर पुष्कळ सुशिक्षित वाचकही क्षणभर थबकतील. वस्तुतः ११ ऑक्टोबर १७२४ रोजीं या गांवापाशीं जी लढाई झाली, तिनें दक्षिणेचें भवितव्य पुढील सव्वादोनशें वर्षें बांधून टाकलें. शिकारीचें निमित्त सांगून दिल्लीहून निघालेला बादशाही वजीर निजाम-उल्-मुल्क एका बाजूस, आणि दरबाराच्या चिथावणीनें त्याजवर चालून आलेला हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान दुसऱ्या बाजूस. मुबारिजखान पडला, त्याचे पुत्रही पडले. निजामानें गांवाचें नांव फत्तेखेर्डा ठेविलें. आणि १९४८ पर्यंत टिकलेल्या आसफजाही राज्याचा पाया येथें भरला गेला.

या लढाईचा आणि टेबलाभोंवतीं बसून खेळावयाच्या एका आधुनिक खेळाचा संबंध काय, असें वाचक विचारतील. तो संबंध आमच्याच ओसरीवर जुळला, आणि जुळतांना आमच्या हातून एक चूक घडली. ती समजण्यापूर्वीं त्या खेळाची वंशावळ थोडी पाहिली पाहिजे.

बुद्धिबळांत किंवा सोंगट्यांत नियम पूर्ण असतात. पंच असला काय नि नसला काय, घोडा अडीच घरेंच चालतो. ज्यास इंग्रजींत रोल-प्लेइंग गेम म्हणतात, त्या सोंगांच्या खेळाची जात निराळी. त्यांत प्रत्येक गडी एकेका पात्राचें सोंग घेतो, आणि एकजण सूत्रधार होतो. सूत्रधार प्रसंग सांगतो. गडी आपलें पात्र काय करील तें सांगतात. शंका असेल तेथें फासे टाकतात. आणि परिणाम काय झाला, याचा निवाडा सूत्रधार देतो. गडी काय करूं म्हणतील, यास मर्यादा नाहीं. म्हणूनच नियमांचें पुस्तक केवढेंही जाड केलें, तरी तें अपुरेंच पडतें.

या खेळाचें मूळ प्रशियाच्या सैन्यांत सांपडतें. १८२४ मध्यें राइसविट्झ नांवाच्या एका तरुण अधिकाऱ्यानें युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. प्रमाणबद्ध नकाशा, पलटणी दाखविणारे ठोकळे, फासे, आणि कोणत्या अंतरावरून किती माणसें पडतील याचीं कोष्टकें, असा तो सरंजाम होता. दोन्ही पक्ष आपले हुकूम लिहून पंचाकडे देत, आणि शत्रूविषयीं जेवढें खऱ्या रणांत दिसलें असतें तेवढेंच पंच त्यांस दाखवी. खेळ उत्तम, पण हिशेबांत वेळ फार जाई. म्हणून १८७६ मध्यें व्हेर्डी द्यु व्हेर्नुआ या सेनाधिकाऱ्यानें असें मत मांडलें कीं, कोष्टकें बाजूस ठेवावीं आणि अनुभवी पंचाच्या अकलेवर भिस्त ठेवावी. येथूनच दोन पंथ झाले: एक कोष्टकाचा, दुसरा निवाड्याचा. पुढील सारा इतिहास या दोघांच्या ओढाताणीचा आहे.

१९६९ मध्यें अमेरिकेच्या मिनेसोटा संस्थानांत डेव्हिड वेस्ली यानें ब्राउनस्टाइन नांवाचें एक कल्पित प्रशियन गांव मांडलें, आणि सैन्याबाहेरच्या माणसांचींही सोंगें गड्यांस वांटून दिलीं. गड्यांनीं नियमांत नसलेल्या खटपटी आरंभिल्या. वेस्लीस जागच्या जागीं निर्णय देत सुटावें लागलें. प्रयोग फसला असें त्यास वाटलें; गडी मात्र पुन्हा खेळूं म्हणून मागें लागले! त्यांपैकींच डेव्ह आर्नेसन यानें पुढें गॅरी गायगॅक्स याच्या साहाय्यानें १९७४ मध्यें 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ छापला. पहिली आवृत्ति अवघी एक हजार प्रतींची होती.

नियम वाढले तसे हिशेबही वाढले. कोणाचें बळ किती उरलें, पाळी कोणाची, कोणता दरवाजा अद्याप बंद आहे, याचे कागद सूत्रधारापुढें सांचूं लागले. संगणकानें यांत उडी घेतली हें स्वाभाविकच होय. १९७५ च्या सुमारास इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या व्यवस्थेवर विद्यार्थ्यांनीं असे खेळ रचले. तेथें मात्र सूत्रधाराची गादीच यंत्रानें घेतली. माणसाची गादी कायम ठेवून त्यास केवळ कारकून पुरविणारीं सॉफ्टवेअरें पुढें आलीं: २००४ मध्यें 'फँटसी ग्राउंड्स', २०१२ मध्यें 'रोल ट्वेंटी'. नकाशा दाखविणें, न दिसणारा भाग झांकून ठेवणें, फासे टाकणें, पाळ्या लावणें, बेरजा-वजाबाक्या करणें आणि सर्व टिपून ठेवणें, हीं त्यांचीं कामें. २०२० च्या टाळेबंदींत, एका टेबलाशीं बसणें अशक्य झालें तेव्हां, या खेळास याच प्रणालींनीं तारलें.

आतां आमची हकीकत. इतिहासाच्या कांहीं विद्यार्थ्यांस घेऊन आम्हीं साखरखेर्ड्याचा प्रसंग टेबलावर मांडला. पुण्यास शिकावयास गेलेला एक जुना विद्यार्थी पडद्यावरून खेळांत बसला. फौजा, तोफा, वाटचाल, सर्व आंकडे अदमासानें प्रणालींत भरले. सूत्रधार आम्हीच होतों. पहिले दोन तास इतके सुरळीत गेले कीं, यंत्राचें कौतुक करावें तेवढें थोडें. फांशांवरून तंटा नाहीं, हिशेबाची चूक नाहीं.

मुबारिजखानाचें सोंग एका अबोल विद्यार्थिनीकडे होतें. फौजा समोरासमोर आल्या तेव्हां ती म्हणाली, "सर, मला लढायचं नाही. माझी मुलं छावणीत आहेत. मी निजामाकडे वकील पाठवते." आम्हीं पडद्याकडे पाहिलें. तेथें हल्ला, माघार आणि मुक्काम एवढ्याच गोष्टींची सोय होती. आम्हीं म्हटलें, "यांत तशी सोय नाहीं." तिनें निमूटपणें हल्ला निवडला, फासे पडले, खान पडला, आणि ती "येते सर" म्हणून उठून गेली.

रात्रीं आम्हांस आमच्या उत्तराची लाज वाटली. सोय नाहीं म्हणजे काय? सुभेदारास वकील पाठवितां येत नव्हता काय? दिल्लीच्या चिथावणीवर निघालेल्या माणसास मागें फिरणें कितपत शक्य होतें, फिरला असता तर दरबारानें त्याचें काय केलें असतें, हाच तर इतिहासाचा खरा प्रश्न, आणि तो त्या मुलीनें नेमका विचारला होता. उत्तर देणें आमचें काम होतें; आम्हीं तें यंत्रावर ढकललें. कचेरीच्या खिडकीशीं "फॉर्ममध्ये रकाना नाही" असें ऐकून हात हलवीत परतलेल्या माणसाचा संताप आम्ही जाणतों; त्या सायंकाळीं खिडकीच्या आंत आम्ही बसलों होतों.

दोष यंत्राचा नव्हे. त्यानें आपलें काम चोख केलें. पेशवे दप्तरांतील रोजकीर्दी ज्यांनीं पाहिल्या असतील, त्यांस ठाऊक आहे कीं, त्यांच्यावांचून इतिहास लिहितां येत नाहीं. पण नुसती रोजकीर्द म्हणजे इतिहास नव्हे. कोणत्या दिवशीं किती रुपये खर्ची पडले हें ती सांगते. ते खर्चावे कीं नाहीं, याचा निर्णय कोणा माणसाच्या मनांत झालेला असतो. या प्रणाली म्हणजे पटावरची उत्तम रोजकीर्द होत. सूत्रधार बेरजेंतून मोकळा व्हावा तो समोरच्या गड्याकडे अधिक लक्ष देण्यासाठीं. पडद्याकडे पाहत बसण्यासाठीं नव्हे.

पुढच्या रविवारीं आम्हीं त्या मुलीस निरोप पाठवून बोलाविलें, सर्वांसमक्ष चूक कबूल केली, आणि खेळ हल्ल्याच्या आदल्या क्षणापाशीं परत नेला. यंत्राच्या टांचणामुळें तो क्षण, एकूणएक आंकड्यांसह, एका निमिषांत परत मांडतां आला, हें येथें नमूद केलेंच पाहिजे. तिनें वकील पाठविला. निजामाचें सोंग घेतलेल्या मुलानें त्यास छावणींत बसवून घेतलें आणि उत्तर देण्यास विलंब लाविला. दरम्यान दोघेही ग्रंथालयांतून दिल्ली दरबारच्या राजकारणावरील पुस्तकें घेऊन आले आणि त्यांवरून भांडूं लागले. लढाई त्या दिवशीं झालीच नाहीं. संगणक तासभर तसाच उघडा होता; त्याच्याकडे कोणाचें लक्ष नव्हतें.