महाड : खाडीच्या टोकाचं बंदर

महाड हे बंदर होतं असं सांगितलं की पाहुणे विचारतात, समुद्र कुठे आहे इथे? समुद्र बाणकोटला. पण भरतीचं पाणी सावित्रीतून आत थेट महाडच्या अंगापर्यंत येतं. त्या पाण्यावर होड्या वर यायच्या, माल उतरायचा आणि बैलांच्या पाठीवरून वरंध्याने, पारघाटाने देशावर चढायचा. आपलं कुडपण घाटमाथ्याला लागून आहे. खाली महाड, वर देश, हे नातं इथल्या माणसाला समजावून सांगायला नको. (भरती आणि डोंगरातलं पाणी एकाच वेळी आलं की काय होतं, ते २०२१च्या जुलैमध्ये महाडने पाहिलंच.)

रायगडला जाणारी मंडळी महाडला चहा पिऊन पुढे निघतात. त्यांनी निदान दोन ठिकाणी थांबावं.

पहिलं, गावाबाहेर महामार्गालगतची गांधारपाले लेणी. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरलेली, बौद्ध भिक्षूंसाठी. तिथे दोन ब्राह्मी शिलालेख महत्त्वाचे. एकात काणभोज विष्णुपालित हा कुमार लेणं, चैत्यगृह, आठ खोल्या आणि दोन्ही बाजूंना एकेक पोढी, म्हणजे पाण्याचं टाकं, दान देतो. वर जायची वाटसुद्धा त्यानेच दिली! दुसऱ्यात संघरक्षित नावाच्या शेठजीचा मुलगा चैत्यगृह देतो. शेठजी इथे का आला? बंदर होतं म्हणून. व्यापाऱ्याचा पैसा दगडात उतरला तो असा. आणि दानाच्या यादीत पाणी आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. पाणी देणं म्हणजे पुण्य, हे त्या काळी लेखात कोरण्याइतकं उघड होतं.

दुसरं ठिकाण गावात, चवदार तळं. महाड नगरपालिकेने १९२४ साली ते सर्वांना खुलं केलं होतं, पण कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी तिथे पाणी प्यायलं. पुढे मार बसला, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, ठराव मागे घेतला गेला. डिसेंबरात दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर विरोधकांनी दिवाणी दावा लावला. दाव्यातला मुद्दा ऐका: तळं खाजगी आहे, ते 'चौधरी तळं' आहे आणि अस्पृश्यांना बंदी ही अनादी काळापासूनची रूढी आहे.

अनादी! तत्त्वज्ञान शिकवताना आम्ही हा शब्द फार जपून वापरतो. इथे तो पाण्याच्या काठावर, एखाद्या कुंपणासारखा वापरला होता. पालेच्या पोढ्या भिक्षूंसाठी होत्या, त्यावरून तेव्हा जातिभेद नव्हता असं म्हणणं मला पटत नाही. पण 'नेहमीच असं होतं' म्हणणाऱ्याला पुरावा मागायचा असतो, आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो मागितला. अशी रूढी सिद्ध होत नाही, असा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला.

पाणी प्यायल्यापासून निकाल लागेपर्यंत दहा वर्षं गेली. तळ्याच्या पायऱ्यांवर बसाल तेव्हा हा आकडा लक्षात ठेवा. आणि शक्य असेल तर आधी पालेच्या पोढ्या बघून मग या.