तंबाखूचा कायदा कोणी लिहावा?

पूर्वपक्ष असा आहे. लोकशाहीत ज्याच्या धंद्यावर कायद्याने बंधन येणार, त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय कायदा करू नये. औषध कंपन्यांशी, साखर कारखानदारांशी सरकार चर्चा करते. मग तंबाखू उद्योगालाच वेगळा न्याय का? हा उद्योग कर भरतो, परवाना घेऊन चालतो, लाखो शेतकरी आणि बिडी कामगार त्यावर जगतात. तेव्हा धोरण ठरवण्याच्या बैठकीत त्यालाही जागा हवी. हे मत केवळ उद्योगाच्या प्रवक्त्यांचे नाही. निःस्पृह माणसेही ते मांडतात आणि त्यामागची न्यायबुद्धी खोटी नाही. म्हणून त्याला सविस्तर उत्तर दिले पाहिजे.

ऐकून घेणे वेगळे आणि मसुद्याला हात लावू देणे वेगळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराला भारताने २००४ मध्ये मान्यता दिली. त्या कराराचे कलम ५.३ सरकारवर एक कर्तव्य टाकते: तंबाखूविषयक आरोग्यधोरण या उद्योगाच्या हितसंबंधांपासून जपायचे. त्यावरची मार्गदर्शक तत्त्वे भेटीगाठींना मज्जाव करत नाहीत. भेट आवश्यक तेवढीच व्हावी आणि उघडपणे व्हावी, एवढेच त्यांचे म्हणणे. बंद केले आहे ते मागचे दार.

याच उद्योगासाठी निराळे कलम कशाला? त्याच्या पूर्वचरित्रामुळे. १९५४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांनी देशभरच्या वृत्तपत्रांत निवेदन छापून लोकांच्या आरोग्याची जबाबदारी आपण सर्वांत वर मानतो, असे वचन दिले. २००६ मध्ये न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी निकाल दिला, की या कंपन्यांनी अनेक दशके जनतेची फसवणूक केली. ज्याची साक्ष न्यायालयात खोटी ठरली, त्याला पुढच्या खटल्यात पंच नेमावे काय?

‘ही अमेरिकेची कथा झाली,’ असे कोणी म्हणेल. मग आपल्याकडचीच घेऊ. तंबाखूच्या पाकिटावर दोन्ही बाजूंनी ८५ टक्के जागेत सचित्र इशारा छापावा, हा नियम केंद्राने ऑक्टोबर २०१४ मध्ये काढला. तो १ एप्रिल २०१५ पासून लागू व्हायचा होता. लोकसभेच्या अधीनस्थ विधान समितीने तो रोखून धरायला सांगितले आणि तो रोखला गेला. समितीचे अध्यक्ष अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी यांचा मुद्दा असा होता, की तंबाखू आणि कर्करोगाचा संबंध दाखवणारी संशोधने परदेशी आहेत, भारतीय पाहणी झालेलीच नाही. समितीचे एक सदस्य, अलाहाबादचे खासदार श्यामाचरण गुप्ता, स्वतः बिडी उत्पादक होते.

भारतीय पाहणी नाही? संघवी, राव आणि वसंत रामजी खानोलकर यांचा तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा तंबाखू ओढण्या-खाण्याशी संबंध दाखवणारा निबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १९५५ साली छापून आला. तो मुंबईत, टाटा रुग्णालयातल्या रुग्णांवरून सिद्ध झाला होता. १९६० च्या दशकात मुंबईच्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधकांनी अनेक राज्यांत खेडोपाडी घरोघर जाऊन लोकांची तोंडे तपासायला सुरुवात केली. २००८ मध्ये प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी अकरा लाख घरांतल्या मृत्यूंच्या पाहणीवरून दाखवले, की २०१० च्या दशकात धूम्रपान या देशात वर्षाला सुमारे दहा लाख बळी घेईल. त्यात बिडी ओढणारेही आले. पुरावा साठ वर्षे मुंबईच्या ग्रंथालयांत होता. तो उघडून पाहिला गेला नाही.

आणि हे सारे कोणत्या महाराष्ट्रात घडत होते? त्याच २०१५ च्या फेब्रुवारीत राज्याचे माजी गृहमंत्री आर. आर. पाटील तोंडाच्या कर्करोगाने गेले होते. राज्य अजून सुतकात होते.

दुसरा आक्षेप: चित्रांनी काही होत नाही, व्यसनी माणूस बघतही नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात सिगारेट ओढणाऱ्या ६२ टक्के, बिडी ओढणाऱ्या ५४ टक्के आणि तंबाखू खाणाऱ्या ४६ टक्के प्रौढांनी पाकिटावरच्या इशाऱ्यामुळे सोडण्याचा विचार मनात आल्याचे सांगितले. विचार येणे म्हणजे सुटणे नव्हे, हे मान्य. पण त्याहून बोलका पुरावा खुद्द उद्योगाने दिला. नियम अखेर १ एप्रिल २०१६ ला लागू झाला, तेव्हा मोठ्या सिगारेट कंपन्यांनी कारखाने बंद ठेवले आणि दिवसाला ३५० कोटींचे नुकसान होत असल्याचे त्यांच्या संघटनेने सांगितले. निरुपयोगी चित्रासाठी एवढे नुकसान कोण सोसतो?

आता रोजगार. माझ्या मते पूर्वपक्षाचा हाच एक मुद्दा हृदयाला भिडणारा आहे, आणि त्याचाच सर्वांत वाईट वापर होतो. सोलापूरच्या बिडी कामगार बाईला हजारी दराने मजुरी मिळते. तिने वळलेल्या बिड्यांतून ‘छाट’ म्हणून काही बाजूला काढल्या जातात, त्यांचे पैसे तिला मिळत नाहीत. ती छाट कोण काढते? आरोग्य मंत्रालय? १९८१ मध्ये निपाणीचे तंबाखू उत्पादक शेतकरी महामार्गावर बसले, ते रास्त भावासाठी. त्यांचे गाऱ्हाणे भाव पाडणाऱ्या खरेदीदारांविषयी होते. पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. ज्यांच्याकडून हक्काचे पैसे मिळवायला या लोकांना लढावे लागले, तेच आज त्यांचे वकील म्हणून उभे राहतात. कामगारांचे आणि शेतकऱ्यांचे म्हणणे जरूर ऐकावे, पण ते त्यांच्याच तोंडून.

महसुलाचा मुद्दा तर लगेच निकालात निघतो. तंबाखूजन्य आजार आणि अकाली मृत्यूंमुळे २०१७-१८ मध्ये देशाने १ लाख ७७ हजार कोटी रुपये गमावले, असा हिशेब आहे. तंबाखूवरच्या उत्पादनशुल्काची रक्कम त्याच्या १२ टक्क्यांच्या आसपास होती.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२० मध्ये कलम ५.३ ला धरून आपल्या अधिकाऱ्यांसाठी आचारसंहिता काढली. चांगले झाले. पण तंबाखूवरचा कर आरोग्य मंत्रालय ठरवत नाही, आणि तंबाखू मंडळ १९७५ च्या कायद्यापासून वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. तीच संहिता अर्थ व वाणिज्य मंत्रालयांना आणि संसदीय समित्यांच्या सदस्यांना लागू करावी. उद्योगाशी झालेल्या प्रत्येक भेटीचे इतिवृत्त प्रसिद्ध करावे. उद्योगाला आपले म्हणणे न्याय्य वाटत असेल, तर ते छापून येण्याला त्याची हरकत काय असेल, हे वाचकांनीच त्याला विचारावे.