देसाईगंजची फिर्याद

आपल्या मराठी कोर्टकचेरीत अरबी-फारसी शब्द इतके मुरले आहेत की ते बाहेरून आले हे आता कुणाच्या ध्यानातही येत नाही. वकील, दावा, जबानी, हुकूम, हवालदार. 'फिर्याद' हा त्यांतलाच एक. फारसीत त्याचा मूळ अर्थ मदतीसाठी मारलेली हाक, आक्रोश. हा अर्थ इथे सांगायचे कारण असे की, चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यातल्या एका मुलीची फिर्याद ती ओरडली की नाही या मुद्द्यावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयात हरली, आणि मग त्या हरलेल्या फिर्यादीने संसदेला कायदा बदलायला लावला.

वैनगंगेकाठचे देसाईगंज. रेल्वेच्या पाटीवर त्याचे नाव वडसा. आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे. १९७२ साली गडचिरोली नावाचा जिल्हाच नव्हता, सगळा मुलूख चंद्रपूरचा. २६ मार्च १९७२ च्या रात्री एक अनाथ आदिवासी मुलगी तिथल्या पोलीस ठाण्यात आणली गेली. भावाबरोबर मजुरी करून पोट भरणारी. जिथे ती कामाला जाई तिथल्या एका तरुणावर तिचा जीव जडला होता आणि त्याने तिला पळवून नेल्याची तक्रार भावानेच दिली होती. जबान्या झाल्या, रात्रीचे साडेदहा वाजले, बाकीच्यांना बाहेर काढले आणि तिला आत थांबवून घेतले. ठाण्यातल्या एका शिपायाने तिच्यावर बलात्कार केला, दुसऱ्या दारू प्यालेल्या पोलिसाने तिची अब्रू घेतली, असा आरोप होता. बाहेर तिची माणसे उभी होती.

डॉक्टरांनी तिचे वय १४ ते १६ च्या दरम्यान सांगितले. इथे थोडे थांबले पाहिजे. तेव्हाच्या कायद्यात १६ वर्षांखालच्या मुलीच्या संमतीला किंमत नव्हती. वय सिद्ध झाले असते तर पुढचा सगळा वाद उभाच राहिला नसता. पण ती १६ च्या आतली असल्याचा समाधानकारक पुरावा नाही, असे चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने ठरवले. मजुरीसाठी गावोगाव फिरणाऱ्या, आईबाप नसलेल्या पोरीच्या जन्माचा दाखला कुणी जपून ठेवायचा? शहरातल्या माणसाच्या कपाटात असतो तो कागद नसल्याची शिक्षा तिला झाली, असेच आम्हाला वाटते.

१ जून १९७४ रोजी सत्र न्यायालयाने दोघांना सोडून दिले. मुलगी खोटारडी आहे, तिला शरीरसंबंधांची सवय होती, ठाण्यात जे घडले ते तिच्या संमतीनेच, असा निष्कर्ष. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १२ ऑक्टोबर १९७६ रोजी तो फिरवला. भीतीपोटी निमूट सोसणे आणि संमती देणे या दोन गोष्टी एक नाहीत, असे खंडपीठाने म्हटले आणि एकाला पाच वर्षांची, दुसऱ्याला एक वर्षाची सजा दिली. आमच्या मते या खटल्यातले सर्वांत शहाणपणाचे वाक्य नागपुरातच लिहिले गेले. ते टिकले मात्र नाही. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांना निर्दोष ठरवले. अंगावर जखमेची खूण नाही, म्हणून प्रतिकार केल्याची आणि ओरडल्याची हकीकत खोटी, असा युक्तिवाद मान्य झाला.

गोष्ट इथेच संपायची. कायद्याच्या अहवालात निकाल छापून आला आणि वर्षभराने चार कायदेपंडितांनी तो वाचून सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. तारीख १६ सप्टेंबर १९७९. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. ठाण्यात, रात्री, दोन पोलिसांपुढे एकट्या पडलेल्या गरीब मुलीने कसला प्रतिकार करायला हवा होता, असा त्यांचा सवाल होता. एप्रिल १९७८ मध्येच नंदिनी सत्पथी खटल्यात याच न्यायालयाने स्त्रियांना चौकशीसाठी ठाण्यात बोलावण्यावर कडक शब्दांत टीका केली होती, याची आठवणही त्यांनी दिली. या पत्राने ठिणगी पडली. नागपुरात सीमा साखरे यांनी प्रश्न उचलून धरला, मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला आणि ८ मार्च १९८० रोजी गावोगावी मोर्चे निघाले. खटला मात्र पुन्हा उघडला गेला नाही.

ही एकटीचीच गोष्ट नव्हती. हैदराबादेत १९७८ साली एका गरीब मुस्लिम स्त्रीवर पोलीस कोठडीत बलात्कार झाला, जाब विचारणारा तिचा रिक्षावाला नवरा मारहाणीत मेला. न्या. मुक्तदर आयोगाने पोलिसांना दोषी धरले, पुढे कोर्टात ते सुटले. जून १९८० मध्ये उत्तर प्रदेशात बागपतला पोलिसांनी एका स्त्रीची भर रस्त्यात विटंबना केली आणि संसदेत गदारोळ उठला. आदिवासी, मुसलमान, गरीब: ठाण्याच्या चार भिंतींत या साऱ्यांची परिस्थिती सारखीच.

विधी आयोगाने एप्रिल १९८० मध्ये आपला ८४ वा अहवाल दिला. ऑगस्टमध्ये विधेयक लोकसभेत आले आणि दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले. त्या लोकसभेत स्त्री-सदस्य होत्या अवघ्या २८; प्रमिला दंडवते, गीता मुखर्जी त्यांत होत्या. चंद्रपूरचे खासदार होते शांताराम पोटदुखे, आणि राज्यसभेत तिचे माजी उपसभापती, चंद्रपूरचेच बॅ. राजाभाऊ खोब्रागडे. म्हणजे ज्या जिल्ह्यातून ही फिर्याद निघाली, त्याची माणसे दोन्ही सभागृहांत बसलेली होती. समितीचा अहवाल यायला नोव्हेंबर १९८२ उजाडला. त्याआधीच, २६ ऑगस्ट १९८२ रोजी, देसाईगंज नव्या गडचिरोली जिल्ह्यात गेले होते. कायदा झाला डिसेंबर १९८३ मध्ये: त्या वर्षीचा ४३ वा.

त्याने काय दिले? पोलीस किंवा अधिकारी यांच्या ताब्यातल्या स्त्रीवर बलात्कार झाला तर किमान दहा वर्षांची सजा. अशा खटल्यात संबंध आल्याचे सिद्ध झाले आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरायचे. पुराव्याच्या कायद्यातले ११४-अ कलम ते हेच. नागपूरच्या न्यायमूर्तींना जे तर्काने मांडावे लागले, ते आता कायद्यानेच बांधून दिले. सुनावणी बंद दालनात. आणि २२८-अ कलमाने पीडितेचे नाव छापायला बंदी. या मुलीचे नाव कायद्याच्या पुस्तकांत, निकालांत सर्वत्र आहे. तिच्यामुळेच आलेल्या कलमाचा मान राखून आम्ही ते येथे लिहिलेले नाही. परवानगीशिवाय खटल्याची हकीकत छापण्यावरही याच कलमाने बंधन घातले. वरिष्ठ न्यायालयांचे निकाल तेवढे मोकळे ठेवले. बरे झाले, कारण ते उघडे पत्र एका छापील निकालातूनच जन्मले होते.

संसदेने जे दिले नाही तेही सांगितले पाहिजे. चंद्रपूरच्या कोर्टात त्या मुलीला ज्या एका गोष्टीने सर्वांत जास्त घायाळ केले, ती म्हणजे तिच्या पूर्वायुष्याची चिरफाड. तिला आवर घालावा अशी शिफारस विधी आयोगाने १९८० मध्येच केली होती. १९८३ च्या कायद्यात ती आली नाही. फिर्यादी स्त्री 'बदचलन' आहे असे दाखवून तिची साक्ष मोडण्याची मुभा देणारे १५५ (४) हे कलम २००२ च्या दुरुस्तीपर्यंत पुस्तकात राहिले. मधल्या १९ वर्षांत किती जणी त्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या असतील!

आणि जखमेच्या खुणेचा मुद्दा? शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असे मानता येणार नाही, हे स्पष्टीकरण ३७५ व्या कलमाला जोडले गेले २०१३ मध्ये; दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर न्या. वर्मा समिती बसली तेव्हा. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते ६३ व्या कलमाखाली कायम आहे. देसाईगंजच्या त्या रात्रीपासून हे एक वाक्य कायद्यात यायला ४१ वर्षे लागली.