अर्धशतकाचा पापुद्रा

गेल्या दिवाळीच्या पहाटे माझ्या भाच्याचा मोबाईल उशाखाली तापून करंजीसारखा फुगला. पोराने भेदरून तो अंगणात ठेवला. अभ्यंगस्नान राहिले बाजूला, आणि "मामा, ह्याच्या पोटात एवढं आहे तरी काय?" ह्या प्रश्नाला मला तोंड द्यावे लागले. मी पडलो मॅट्रिक झालेला भाषेचा मास्तर. पण मुलाला नुसते गप्प बसवणे आमच्या पेशाला शोभत नाही. पुस्तके उघडली, त्यांत सापडलेली हकीगत वाचकांपुढे ठेवतो.

बॅटरीच्या दोन टोकांमध्ये लिथियमचे विद्युतभारित कण ये-जा करतात. त्यांची वाट म्हणजे एक द्रव. तो बिघडला की वायू सुटतो, पोट फुगते. आणि तो पेटही घेतो. एक टोक निव्वळ लिथियम धातूचे केले, तर वजनास वजन ते आजच्या ग्रॅफाइटच्या दसपट भार साठवते. पण पुन्हा पुन्हा चार्ज करताना त्या धातूला काटे फुटतात. काटा पलीकडे पोचला की आग! १९८९ साली कॅनडातील मोली एनर्जी कंपनीला अशा बॅटऱ्या परत घ्याव्या लागल्या. १९९१ मध्ये सोनीने धातू वगळून कार्बन घेतला. आपल्या खिशातला मोबाईल त्याच वंशातला.

दुसरी वाट मात्र आधीच दिसली होती. १९७३ साली इंग्लंडातील शेफिल्ड येथे पीटर राइट व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले, की पॉलिएथिलीन ऑक्साइड ह्या घन पॉलिमरमध्ये क्षार सामावतात. १९७८ मध्ये फ्रान्समधील ग्रनोबलच्या मिशेल आर्मां यांनी सुचवले: द्रव काढा, हाच पापुद्रा बसवा.

पण ह्या पापुद्र्यात कण वाहत नाही. पंगतीत पत्रावळ हातोहात जावी तसा तो पुढे सरकतो. हात हलले तरच पत्रावळ हलणार! नेहमीच्या हवेत पॉलिमरच्या साखळ्या ताठ रांगा धरून बसतात. साठ-पासष्ट अंशांच्या पुढे मोकळ्या होतात. मऊ ठेवावा तर काटा घुसतो, कठीण करावा तर वाट बुजते. १९९८ साली रोममध्ये स्क्रोसाती व सहकाऱ्यांनी त्यात टायटॅनियम व ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांची अतिसूक्ष्म पूड कालवली. साखळ्यांची शिस्त मोडली आणि वाट सुधारली. शिस्त मोडल्याने काम सुधारते, हे मास्तराला कबूल करणे जडच गेले!

पॅरिसमध्ये २०११ ते २०१८ पर्यंत भाड्याच्या मोटारी ह्याच जातीच्या बॅटऱ्यांवर धावल्या. मात्र त्या बॅटऱ्या सतत गरम ठेवाव्या लागत. पुढे एप्रिल २०२२ मध्ये तिथे अशाच बॅटऱ्यांच्या दोन बसगाड्या जळाल्या आणि १४९ गाड्या काही काळ थांबवाव्या लागल्या. घन म्हणजे निर्धोक नव्हे. लिथियम तर आत होतेच.

भाच्याने हे सारे ऐकले आणि विचारले, "मग पन्नास वर्षं फुकट गेली?"

"नाही रे," मी म्हटले, "काटा अडवायचा आणि वाटही मोकळी ठेवायची, एवढंच कोडं उरलंय. पण तोवर मोबाईल उशाखाली ठेवायचा नाही."