अर्थ न ठरलेल्या पेशी

कवीला वैद्यकशास्त्रातले काय कळते, असे तुम्ही म्हणाल. फारसे नाही. पण मी शब्दांच्या मागे लागणारा माणूस, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा इतिहास निम्मा तरी शब्दांचाच आहे. सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसले ते कागदावर कोणत्या शब्दांत उतरवायचे, यावर एखाद्या बाईचे पुढचे आयुष्य ठरत आले आहे.

जॉर्ज पापानिकोलाऊ हा ग्रीसमधल्या कीमी गावचा. जन्म १८८३चा. १९१३ साली बायकोसह तो न्यूयॉर्कला उतरला आणि पुढे कॉर्नेलच्या वैद्यकीय महाविद्यालयात संशोधन करू लागला. बायको मेरी त्याच्याच प्रयोगशाळेत काम करी आणि वर्षानुवर्षे स्वतःचे नमुने त्याला देई. काचपट्टीवरच्या स्रावात कर्करोगाच्या पेशी ओळखता येतात, हे त्याने १९२८च्या जानेवारीत मिशिगनमधल्या बॅटल क्रीक इथल्या परिषदेत सांगितले. रुमानियाच्या ऑरेल बाबेशने हीच गोष्ट १९२७ साली बुखारेस्टमध्ये मांडली होती. दोघांकडेही तेव्हा फारसे कुणी लक्ष दिले नाही. १९४१ साली हर्बर्ट ट्राउटबरोबर लिहिलेल्या निबंधानंतर मात्र चाचणी पसरली. तिला ‘पॅप’ म्हणतात, ते पापानिकोलाऊच्या नावावरून. मेरीचे नाव कुठे लागले नाही.

निकाल लिहायला त्याने पाच वर्ग पाडले. पहिला म्हणजे सर्व ठीक, पाचवा म्हणजे नक्की कर्करोग. या दोन टोकांची अडचण नव्हती. अडचण होती मधल्यांची. दुसरा वर्ग म्हणजे पेशी वेगळ्या दिसतात, पण कर्करोगाचा पुरावा नाही. तिसरा म्हणजे संशय आहे, खात्री नाही. आता हा संशय प्रत्येक प्रयोगशाळेचा निराळा. एकीकडचा दुसरा वर्ग तो दुसरीकडचा तिसरा. त्यात १९५३ साली जेम्स रेगन यांनी ‘डिस्प्लेझिया’ हा शब्द रूढ केला, साठच्या दशकाच्या अखेरीस राल्फ रिचर्ट यांनी ‘सीआयएन’ ही नवी श्रेणी आणली. एकाच पेशीला तीन भाषांत तीन नावे झाली आणि डॉक्टरच्या हाती बऱ्याचदा नुसता आकडा येई.

नव्वदच्या दशकात माझी खाला असाच कागद घेऊन आमच्याकडे आली होती. घरात बी. ए. झालेला मी एकटाच. ‘क्या लिख्या है, पढ के बोल,’ ती म्हणाली. लिहिले होते, ‘क्लास थ्री’. त्यापुढे सही, बाकी काही नाही. ‘थर्ड क्लास? रेल का?’ असे म्हणून ती हसली. मला हसू आले नाही.

अमेरिकेत तोवर या आकड्यांची गच्छंती झाली होती. १९८७ साली ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये वॉल्ट बोगदानिच यांनी तिथल्या प्रयोगशाळांची लक्तरे बाहेर काढली. पट्टीमागे पैसे मिळत म्हणून तंत्रज्ञ भराभर पट्ट्या तपासत आणि कर्करोग नजरेतून सुटत. पुढच्या वर्षी या वृत्तमालेला पुलित्झर मिळाले. १९८८मध्येच कायदा झाला आणि एका तंत्रज्ञाने दिवसात शंभरापेक्षा जास्त पट्ट्या तपासू नयेत, असे ठरले. त्याच डिसेंबरात मेरीलँडमधल्या बेथेस्डा इथे राष्ट्रीय कर्करोग संस्थेने तज्ज्ञ जमवले. बेथेस्डा म्हणजे दयेचे घर. त्यातला ‘बेथ’ आणि अरबीतला ‘बैत’ सख्खे भाऊ; आणि बैत म्हणजे घरही, काव्यातली द्विपदीही. असो.

तिथे पाच आकडे मोडीत निघाले. आधी एवढे सांगायचे की नमुना तपासण्याजोगा आहे की नाही. ही साधी अट मला सर्वांत मोठी वाटते. पुरेशा पेशीच नसलेल्या पट्टीवर ‘दोष नाही’ असे लिहिले, तर ती बाई निर्धास्त होऊन घरी जाते. मग सौम्य दोष, तीव्र दोष असे शब्दांत लिहायचे. आणि मधल्यांसाठी नवे नाव निघाले ‘ॲस्कस’, म्हणजे ‘अर्थ न ठरलेल्या वेगळ्या पेशी’. ‘आम्हाला अजून कळलेले नाही’ हे शास्त्राने अधिकृत कागदावर लिहिले! १९९१, २००१ आणि २०१४ साली या पद्धतीत सुधारणा झाल्या, पण हे नाव टिकले.

शब्दांचे पुढे सांकेतिक क्रमांक होतात. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचे मूळ १८९३ साली जाक बर्तियाँने केलेल्या मृत्युकारणांच्या यादीत आहे. अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५पासून लागू केलेल्या आवृत्तीत ॲस्कसचा क्रमांक ‘आर ८७.६१०’ आणि अपुऱ्या नमुन्याचा ‘आर ८७.६१५’. ‘आर’ म्हणजे नुसती लक्षणे आणि निष्कर्ष, रोग नव्हे. तुकडा काढून तपासल्यावर सौम्य किंवा मध्यम दोष ठरला तर ‘एन ८७’, तीव्र ठरला तर ‘डी ०६’, आणि पसरणारा कर्करोग असेल तरच ‘सी ५३’. बाह्यरुग्णाच्या कागदावर ‘संशयित’ असे लिहिलेले असेल, तर तो रोग ठरला असे धरून क्रमांक टाकायचा नाही, असा तिथे नियमच आहे. विम्याचे पैसे या क्रमांकांवर मिळतात, म्हणून कारकुनी काटेकोर. पण त्या कारकुनीमुळेच संशयाचा आपोआप रोग होत नाही.

हे अमेरिकेचे झाले. आपल्याकडे मुळात नोंदच नव्हती. १९८७ साली बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. रुग्ण दवाखान्यात येत नाहीत, म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले आणि बायकांमध्ये गर्भाशयमुखाचाच कर्करोग सर्वांत जास्त असल्याचे कागदावर आले. पुढे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ बायकांचा मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. विषाणूची चाचणी झालेल्या गटात या रोगाचे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या मानाने, जवळपास निम्मे होते. पॅपच्या गटात तसा ठळक फरक दिसला नाही. तपासणीविना ठेवलेल्या चौथ्या गटावरून टीका झाली. ती मला पटते.

२०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने पहिली तपासणी विषाणूचीच करावी, असे सुचवले. त्या कागदावर दोनच उत्तरे असतात, आढळला किंवा नाही. पण आढळला तर पुढची पायरी म्हणून अनेक ठिकाणी पुन्हा पॅपची पट्टी तयार होते, आणि तिच्यावर कधी कधी तेच लिहून येते. अर्थ न ठरलेल्या पेशी.