गाडीत ठेवायचा फ्रीज घेताय? आधी कॉम्प्रेसर आहे का ते बघा

पिकअप नाहीतर जीपमध्ये ठेवून बॅटरीवर चालणारे छोटे फ्रीज आता ऑनलाइन सहज मिळतात. डोंगरात तंबू ठोकून राहणाऱ्या हौशी लोकांसाठी ही वस्तू निघाली, पण खेड्यात तिची गरज वेगळी आहे. जनावरांची लस वाडी-वस्तीवर न्यायची असते, लांबच्या देवदर्शनाला जाताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे इन्सुलिन सांभाळायचे असते. न उघडलेले इन्सुलिन आणि लाळ्या-खुरकुताची लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवावी लागते. तापली तर वाया आणि गोठली तरी वाया. बाटलीकडे बघून ते कळेलच असेही नाही.

बाजारात मुख्यतः दोन प्रकार आहेत. स्वस्त असतो तो थर्मोइलेक्ट्रिक, म्हणजे इलेक्ट्रॉनिक चिपवर चालणारा. जाहिरातीत ‘कूलर अँड वॉर्मर’, म्हणजे थंड आणि गरम दोन्ही करणारा, असे लिहिले असेल तर तो बहुधा हाच. फसगत इथेच होते. बाहेरच्यापेक्षा साधारण १५ ते २० अंश कमी, एवढीच त्याची ताकद. मे महिन्यात ४२ अंश ऊन असेल तर आत २२ च्या खाली जाणे अवघड. पाण्याच्या बाटलीला तेवढे चालेल, औषधाला नाही. उन्हात बंद उभ्या गाडीत तर हवा ४२ च्याही पुढे तापते.

दुसरा कॉम्प्रेसरचा, घरातल्या फ्रीजसारखा. महाग असतो, पण बाहेर कडक ऊन असले तरी आत ४ अंश ठेवू शकतो. आपल्या उन्हाळ्यात औषधासाठी घ्यायचा तर हाच घ्यावा. गाडी चढावर थोडी कलली तरी तो चालतो. औषधापुरता १५ ते २० लिटर पुरतो. कुटुंबाचे दूध-भाजी न्यायची तर ३५ ते ४५ लिटर बघावा.

आता बॅटरीचा हिशेब. असा फ्रीज चालू असताना साधारण ४५ ते ६० वॅट घेतो, म्हणजे १२ व्होल्टवर ४ ते ५ अँपिअर. थंड झाल्यावर कॉम्प्रेसर मधूनमधून बंद होतो. निम्मा वेळ चालला धरले तरी २४ तासांत ५० ते ६० अँपिअर-अवर जातात आणि उन्हाळ्यात आणखी जास्त. गाडीची बॅटरीच साधारण तेवढ्याची असते, मग सकाळी धक्का मारायची पाळी. म्हणून बॅटरी ठरावीक व्होल्टच्या खाली गेली की आपोआप बंद होणारा फ्रीज घ्यावा आणि गाडीच्या बॅटरीवर चालवताना हे सेटिंग ‘हाय’वर ठेवावे. मात्र तसा तो बंद पडला की आतले औषध तापणार, हेही ध्यानात ठेवावे. रात्रभर गाडी उभी राहणार असेल तर वेगळी बॅटरी लागते. १०० वॅटचे सोलर पॅनल स्वच्छ उन्हात दिवसाला ३० अँपिअर-अवरच्या आसपास देते, म्हणजे निम्मीच गरज भागते.

कच्च्या रस्त्यावर पहिले दगा देते ते सिगारेट लायटरचे सॉकेट. खड्ड्यात पिन सैल होते आणि तासभर कुणाला पत्ताही लागत नाही. बॅटरीवरून फ्यूज घालून जाड वायर थेट ओढून घेतलेली बरी. बारीक वायरीत व्होल्ट पडतो आणि बॅटरी भरलेली असतानाही फ्रीज बंद होतो.

दुकानात बघताना बिजागरी, कडी आणि हँडल हलवून पाहावेत. पट्ट्याने बांधायला जागा आहे का, तेही बघावे. नुसत्या प्लॅस्टिकच्या बिजागऱ्या आदळआपटीत टिकत नाहीत. झाकणात नोट अडकवून ओढावी. सहज निघाली तर रबर सैल आहे. गाडीत ठेवताना जाळीपुढे पोती रचू नयेत, गरम हवा बाहेर पडली पाहिजे.

निघण्याच्या आदल्या रात्री घरच्या लाइटवर थंड करून मगच भरावा. आत एक वेगळा थर्मामीटर ठेवावा, कारण फ्रीजवरचा आकडा आणि तळातले तापमान यांत फरक पडतो. औषध तळाला किंवा भिंतीला चिकटून ठेवू नये, तिथे गोठण्याची भीती असते.

फक्त सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचे असेल तर जाड भिंतीची आइस बॉक्स आणि गोठवलेल्या बाटल्या पुरतात. बर्फ आणि औषध यांमध्ये पुठ्ठा घालावा, थर्मामीटर इथेही ठेवावा. त्यासाठी मोठा खर्च नको.

गॅस भरणारा मेकॅनिक तालुक्याच्या गावाला मिळतो, या फ्रीजचे कंट्रोल कार्ड मात्र तिथे मिळणे कठीण. ते कंपनी किती दिवसांत देते, हे पैसे देण्याआधी विचारून घ्यावे.