उरुसातली शिरोरेघ

मी बोरीचा पेंटर. जिंतूर रोडवरच्या पाट्या, शाळांच्या भिंती, बी-बियाण्यांच्या जाहिराती, निवडणुकीतली चिन्हं, सगळं रंगवलं. पण आमची जात एकत्र यायची ती फेब्रुवारीत, परभणीला तुराबुल हक बाबांच्या उरुसात. कुणी बोलावणं धाडत नसे. मौत का कुआँ आणि पाळणेवाल्यांचे फलक रंगवायला सेलू, जिंतूर, मानवतचे पेंटर आपोआप जमायचे.

रात्री काम उरकलं की चहाच्या गाडीवर बैठक. थोरले उस्ताद मराठी आणि उर्दू दोन्ही लिहीत. हा मुलूख 1948 पर्यंत निजामाचा, त्यामुळं त्यांच्या बापानं उर्दूत पाट्या लिहिल्या होत्या. उजवीकडून सुरुवात करायची सवय असलेला माणूस देवनागरीची शिरोरेघ कशी मारतो, हे बघण्यासारखं होतं. खडूच्या भुकटीत माखलेली सुतळी दोन टोकांना ताणायची, मधे चिमटीत धरून सोडायची. टण्ण! रेघ तयार. मग तिच्याखाली अक्षरं टांगायची. ‘आधी खुंटी, मग सदरा,’ ते म्हणायचे.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी नाटकाच्या पडद्यांपासून सुरुवात करून सिनेमा कंपनी काढली, हेही मी तिथंच ऐकलं. आम्ही मात्र कुणाचा ‘श’ मोडका, यावरच तासभर भांडायचो!

पुढं फ्लेक्स आला. आता एकाच रात्रीत दहा फलक छापून येतात. माझी सुतळी अजून डब्यात आहे, भुकटीनं पांढरी.